दिवाळीचे पुणे–नागपूर तिकीट: शेजारच्या खुर्चीतल्याला दीड हजाराने स्वस्त कसे?

वर्धा_रोड | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, आधी घडले ते सांगतो, शिव्या नंतर.

आज दुपारी डबा खाऊन झाल्यावर दिवाळीची तिकिटे बघायला बसलो. पुणे–नागपूर, वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळचे विमान. आम्ही चौघे. मी, बायको, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. माणशी ७,६४० रुपये. माझ्या शेजारी बसणारा सहकारी अकोल्याचा, एकटा जीव. त्याने त्याच मिनिटाला, त्याच साइटवर, तेच विमान उघडले. ६,१२०!

दोघांच्या स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. तारीख तीच, वेळ तीच, विमानाचा नंबरही तोच. मी सकाळपासून चार वेळा शोधले होते, म्हणून साइटने मला 'गरजू' ठरवले असा त्याचा निष्कर्ष. इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघितले, तरी ७,६४०. बायकोच्या फोनवरूनही तेच.

रेल्वे वेटिंगवर आहे, अजनीची वंदे भारतसुद्धा. ट्रॅव्हल्सवाल्याने स्लीपरचे ३,८०० सांगितले, वर "उद्या विचाराल तर वाढलेले असतील" असेही. एकच खुर्ची, एकच विमान, मग दोन भाव कसे? आणि मुळात एका माणसाला पुण्याहून नागपूरला उडवायला खरा खर्च येतो तरी किती? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शंकेखोर | रात्री १०.५२

त्यात प्रकाश काय टाकायचा? लूट आहे. सणासुदीला गिऱ्हाईक अडलेले असते, बास.

गुलाबी_थंडी | रात्री ११.०५

+१. माझ्या फोनमध्ये बॅटरी कमी असली की जास्त भाव दाखवतात म्हणे.

थरावर_थर | रात्री ११.३८

बॅटरीचे राहू द्या. मी आठ वर्षे एका विमान कंपनीत भाव लावायच्या खात्यात होतो (नाव विचारू नका, आता सोडली). वर्धा_रोड, तुमच्या कोड्याचे उत्तर सरळ आहे. तुम्ही चार तिकिटे मागितलीत, तुमच्या मित्राने एक.

विमानातल्या १८६ खुर्च्या सारख्याच असतात, पण विक्रीच्या यंत्रणेत त्या थराथरांनी लावलेल्या असतात. खात्यात त्याला 'बकेट' म्हणतात. प्रत्येक बकेटला एक अक्षर आणि एक भाव. सर्वात खालची संपली की त्याच्या वरची उघडते. तुमच्या विमानात ६,१२० च्या बकेटमध्ये चारपेक्षा कमी खुर्च्या उरल्या होत्या, बहुधा दोन किंवा तीन. एका पीएनआरवर चार माणसे मागितली की यंत्रणा सहसा चौघांना एकाच बकेटमधून देते. खालच्या बकेटमध्ये चार नाहीत, मग चौघेही वरच्यात. ती तुम्हाला "दोन इथून, दोन तिथून" असे सुचवत नाही.

उद्या असे करा. आधी एक तिकीट शोधा, मग दोन, मग तीन. भाव जिथे उडी मारतो तिथे बकेट संपली असे समजा.

इन्कॉग्निटोबद्दल एवढेच, की कोणीतरी पैसे भरायच्या पानावर गेला की त्याच्या खुर्च्या काही मिनिटे अडून राहतात. त्याने नाद सोडला की त्या परत येतात. म्हणून भाव वर जातो आणि अर्ध्या तासाने खाली येतो. लोकांना वाटते आपल्यावर नजर आहे. नजर असते, पण तुमच्यावर नाही, त्या विमानाच्या भरतीवर.

वर्धा_रोड | रात्री ११.४६

दंडवत! हे आजवर कोणी सांगितलेच नव्हते. पण थर लावायचेच कशाला? एक भाव ठेवा ना, एसटीसारखा.

थरावर_थर | मंगळवार, सकाळी ७.५०

दसऱ्याचा झेंडू डोळ्यासमोर आणा. आदल्या रात्री एक भाव, सकाळी पूजेच्या वेळी दुप्पट, आणि संध्याकाळी फूलवाला ढीग तिथेच सोडून घरी जातो. उडालेल्या विमानातली रिकामी खुर्ची म्हणजे संध्याकाळचा झेंडू. उद्या विकता येत नाही.

म्हणून आधी येणाऱ्याला स्वस्त द्यायचे. पण सगळ्याच स्वस्तात दिल्या, तर आदल्या दिवशी येणाऱ्यासाठी काही उरत नाही, आणि तो दहा हजारही मोजायला तयार असतो. मग किती खुर्च्या राखून ठेवायच्या? १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी याचा नियम मांडला. समजा, स्वस्त तिकीट ४,००० चे आणि महाग १०,००० चे. शेवटची खुर्ची राखून ठेवली आणि महाग गिऱ्हाईक येण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त असेल, तर आज ४,००० ला विकू नका. कमी असेल तर विकून टाका. आजची अवाढव्य सॉफ्टवेअर याच हिशेबाची नातवंडे आहेत.

धंद्यात हे खरे मुरले ते अमेरिकेत. तिथे १९७८ मध्ये सरकारने भाडी ठरवणे सोडले. पीपल एक्स्प्रेस नावाची स्वस्त कंपनी आली आणि मोठ्यांचे गिऱ्हाईक पळवू लागली. अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी जानेवारी १९८५ मध्ये उत्तर दिले. पीपल एक्स्प्रेसच्या तोडीचा स्वस्त भाव, पण आगाऊ आरक्षणाच्या अटीवर आणि मोजक्याच खुर्च्यांना. बाकीच्या पूर्वीच्याच भावात. दोन वर्षांत पीपल एक्स्प्रेस विकली गेली.

(हेच क्रँडल, ज्यांनी सॅलडमधले एक ऑलिव्ह कमी करून वर्षाला ४०,००० डॉलर वाचवले. कंजूषपणात आपल्या पेठांना उगाच बदनाम करतात.)

कांदेपोहे_चहा | सकाळी ८.१५

ऑलिव्ह कशाला, आपल्याकडे विमानतळावरचे पोहे बघा. अवांतराबद्दल क्षमस्व.

शंकेखोर | सकाळी ८.३२

झेंडूचे उदाहरण छान, पण अर्धेच सांगितलेत. संध्याकाळी झेंडू स्वस्त होतो. मग शेवटच्या तासाला विमानाचे तिकीट का उतरत नाही? वर का जाते?

थरावर_थर | सकाळी ९.१०

नेमका प्रश्न. दसऱ्याच्या संध्याकाळी फूल कोणालाच नको असते. विमानाच्या आदल्या रात्री मात्र जो येतो त्याला जायचेच असते. कोणाचे वडील गेलेले असतात, कोणाची कोर्टाची तारीख असते, कोणाला कंपनी पाठवत असते. आणि एकदा का शेवटच्या तासाला स्वस्त द्यायची सवय लावली, की पुढच्या वेळी सगळेच शेवटच्या तासाची वाट बघत बसतील. म्हणून वीस खुर्च्या रिकाम्या गेल्या तरी चालतील, पण भाव पाडायचा नाही. खात्यात या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा, खोटे कशाला बोलू. मयताला निघालेला माणूस आणि मीटिंगला निघालेला माणूस यंत्रणेला सारखेच दिसतात.

तिकीटवाले_काका | सकाळी १०.२०

दादरला माझे तिकिटांचे छोटे दुकान आहे, १९९६ पासून. लाल कार्बनची तिकिटे हाताने लिहिलीत मी. २००८ नंतर कागद गेला, पाठोपाठ कमिशनही गेले.

थरावर_थर यांचे बरोबर आहे, पण "शेवटी कधीच स्वस्त होत नाही" हे काही खरे नव्हे. आमच्यातले मोठे एजंट गोवा, श्रीनगर अशा सेक्टरवर (म्हणजे मार्गांवर) महिने आधी डिपॉझिट भरून सीटांचा गठ्ठा उचलतात. आम्ही त्याला 'सिरीज' म्हणतो. गठ्ठा खपला नाही तर शेवटच्या आठवड्यात एजंटच्या पोटात गोळा येतो, आणि तो तोट्यात विकतो. साइटवर नऊ हजार दिसत असताना मी साडेपाचात काढून दिलेले आहे. नावात बदल होत नाही, रद्द केले तर दमडी मिळत नाही, एवढे लक्षात ठेवायचे.

दुसरे. 'नॉन-रिफंडेबल' तिकीट रद्द केले किंवा विमान चुकले, तरी कर आणि विमानतळाची फी परत मिळते. डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणारे सरकारी खाते) तसा नियम आहे. तुम्ही उडालाच नाहीत तर विमानतळ वापरल्याचे पैसे कसले? दहातले आठ लोक मागतच नाहीत.

रोजमेळ | दुपारी १.०५

वर्धा_रोड यांचा दुसरा प्रश्न कोणी घेतला नाही, खर्चाचा. पेशाने सीए आहे, पाठकोऱ्या कागदावर मांडून बघितले. आकडे ढोबळ आहेत, पैसा-पैसा धरून भांडू नका.

पुणे–नागपूर हवाई अंतर सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. १८६ खुर्च्यांच्या ए३२० निओला सुमारे २.४ टन इंधन धरू, म्हणजे साधारण ३,००० लिटर. भाव ९० रुपये लिटर धरला तर २ लाख ७० हजार. नुसत्या इंधनाचे खुर्चीमागे १,४५०. आपल्याकडे इंधन हा एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा ते ४० टक्के असतो. ३५ टक्के धरले तर एका बाजूच्या फेरीचा खर्च ७ लाख ७० हजार. त्यात विमानाचे भाडे (बहुतेक विमाने भाड्याची, आणि भाडे डॉलरमध्ये), देखभाल, वैमानिक, कर्मचारी, उतरण्याची फी, सगळे आले. खुर्चीमागे ४,१४०. पण विमान सरासरी ८५ टक्केच भरते, म्हणून प्रवाशामागे ४,९०० च्या जवळपास. कर वेगळे.

म्हणजे समजा जूनमध्ये तुम्ही ३,२०० ला तिकीट काढलेत, तेव्हा तुम्हाला कोणीतरी पोसत होते. तो 'कोणीतरी' म्हणजे दिवाळीतले तुम्हीच.

आता गंमत बघा. वसुबारसेच्या आदल्या दिवशी पुण्याहून नागपूरला १८६ भरून जाणार. पण विमानाला परतही यायचे आहे, आणि त्या दिवशी नागपूरहून पुण्याला कोण येतो? ९० माणसे धरू, २,८०० ची तिकिटे. जाण्यायेण्याचा खर्च १५ लाख ४० हजार, त्यातले परतीच्या लोकांनी अडीच लाख दिले. उरलेले १२ लाख ९० हजार जाणाऱ्या १८६ जणांवर. भागिले करा: ६,९००. नफा शून्य धरून!

तुमच्या तिकिटात रिकाम्या येणाऱ्या विमानाचे भाडेही आहे.

चिपी_ते_परळ | दुपारी १.३०

गणपतीक आमचा तसाच. मुंबईहून मोपा, दाबोळी, जा काय मिळात ता. जाताना भाव गगनाक, त्याच दिवशी उलट्या दिशेन विमान अर्धा रिकामा. पण ह्यो हिशेब कोणी मांडून दाखवलो नव्हतो. रोजमेळ, धन्यवाद.

शंकेखोर | दुपारी २.१०

रोजमेळ, तुमचा ६,९०० चा आकडा मान्य. पण गेल्या दिवाळीत मी याच सेक्टरला १४,००० बघितले. ते कुठल्या खर्चात बसते? खर्च हा तळ झाला, छत कुठे आहे? देशातली दहापैकी नऊ माणसे दोनच गटांच्या विमानांतून उडतात. किंगफिशर २०१२ मध्ये गेली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी विमाने जमिनीवर आली आणि उरलेल्यांनी भाव चढवले. एका रुपयात तिकीट देणारी एअर डेक्कनही या देशाने बघितली आहे. झेंडूवाले दहा असतात म्हणून झेंडूचा भाव जाग्यावर राहतो. इथे दोनच फूलवाले आहेत, आणि काही सेक्टरवर तर एकच.

थरावर_थर | दुपारी ३.४५

यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण तुमचे बरोबर आहे. १४,००० ची बकेट खर्च बघून ठेवलेली नसते. शेजारच्या कंपनीचे विमान भरले की नाही हे बघून उघडतात. नवी कंपनी एखाद्या सेक्टरवर उतरली की आम्ही वरच्या तीन बकेट त्याच दिवशी बंद करायचो.

पण सरकारी छताचाही अनुभव आहे. करोनाकाळात २५ मे २०२० पासून भाड्यांना मर्यादा होती. मुंबई–दिल्लीला सुरुवातीला कमाल १०,००० आणि किमान ३,५००. लोक छत लक्षात ठेवतात, फरशी विसरतात. त्या फरशीखाली कोणीही विकू शकत नव्हते (पुढे पुढे फक्त जवळच्या तारखांच्या तिकिटांना), सव्वादोन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ अखेर ती मर्यादा उठली. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांवरून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा पुन्हा छत आले: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००. तसल्या गोंधळात ते हवेच होते. कायमचे लावले तर सणाला जादा विमान कोण सोडेल, हा माझा प्रश्न.

शंकेखोर | दुपारी ३.५८

खासगी ट्रॅव्हल्सना एसटीच्या दीडपट छत महाराष्ट्राने २०१८ मध्ये लावले. तरी बस सुटतातच की.

नागपुरी_संत्रं | सायंकाळी ४.०५

सुटते ना भाऊ, पण दीडपटीत कोन देते? वरच्या ३,८०० वाल्याले विचारा ना जरा.

रोजमेळ | सायंकाळी ४.४०

करांचे राहिलेच. विमानाचे इंधन अजून जीएसटीत नाही. केंद्राचे उत्पादन शुल्क, वर राज्याचा व्हॅट, आणि तो प्रत्येक राज्यात निराळा. मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये २५ टक्के होता, २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ वर आणला. तिकिटावर इकॉनॉमीला ५ टक्के जीएसटी. शिवाय विमानतळाची वापर फी. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला तेव्हा तिथून देशांतर्गत उडणाऱ्याला ६२० रुपये ठरले होते, तर जुन्या मुंबईत १७५. पनवेलकर टॅक्सीचे वाचवतील आणि फीमध्ये थोडे घालवतील.

आणि कंपन्या एवढे लुटतात तर बंद का पडतात? जगभरच्या कंपन्यांचा २०२५ चा नफ्याचा अंदाज प्रवाशामागे सात डॉलरच्या आसपास होता. मुंबई विमानतळावर दोन कॉफी घेतल्यात तर कॉफीवाला त्याहून जास्त कमावत असावा.

एडिसनची_मावशी | रात्री ८.२५ (आमच्याकडे सकाळ)

आमच्या रडगाण्याला कोणी जागा देता का? नाताळच्या सुट्टीत इथून, न्यू जर्सीतून, नेवार्क–मुंबई थेट विमान घ्यायचे तर बेशुद्ध पडायची पाळी येते. आखातात उतरून गेले तर स्वस्त. जास्त अंतर, दोन उड्डाणे, दोन जेवणे, तरी स्वस्त! आता कळले, भाव अंतराचा नसतोच, गिऱ्हाइकाच्या घाईचा असतो. थेटवाल्याला ठाऊक आहे की सत्तरीची सासू मधल्या विमानतळावर गेट शोधत फिरणार नाही. शिवाय एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलेय, त्यामुळे भारतीय कंपन्यांना वळसा पडतो आणि इंधन जास्त जाते.

एक सावधगिरी. माझ्या भाच्याने "मधल्या शहरातच उतरून जाऊ, तिकीट स्वस्त पडते" अशी युक्ती केली. बॅग मुंबईला गेली, आणि पुढचा टप्पा घेतला नाही म्हणून परतीचे तिकीटही रद्द झाले. शहाणपणा महागात पडला.

तिकीटवाले_काका | रात्री ८.४०

मावशी, पैजेवर सांगतो, बॅग हातात असती तरी परतीचे गेलेच असते.

नागपुरी_संत्रं | रात्री ९.१५

वर्धा_रोड भाऊ, रोजमेळनं तर उत्तरच देऊन टाकलं. उलट्या दिशेनं विमान रिकामं येते ना बाप्पा? मंग तुम्ही चौघं काहून जाता? आईबाबाले बोलवा ना पुण्याले, २,८०० मध्ये! दोघांचेच तिकीट, तेही अर्ध्यात.

वर्धा_रोड | रात्री ९.५०

केला हो फोन. आईला हा सगळा हिशेब समजावला, रिकामे विमान वगैरे. शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "दिवाळीत घराला कुलूप लावून अंगणात दिवा कोण लावील?" विषय संपला.

थरावर_थर | रात्री १०.०२

वर जी १८६ माणसे धरली, त्या सगळ्यांच्या आया हेच म्हणाल्यात.

तिकीट काढताना एक करा. मुले वेगळ्या पीएनआरवर एकटी टाकू नका. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांशेजारी बसवावे असे डीजीसीएने २०२४ मध्ये बजावले आहे. पीएनआर वेगळा केला की ते संरक्षण जाते.

वर्धा_रोड | बुधवार, सकाळी ६.४०

काढली. पहाटे पाचला उठून एक शोधले, ६,१२०. दोन शोधली, ७,६४०. म्हणजे खालच्या बकेटमध्ये एकच उरली होती, सोमवारी रात्रीच डोके चालवले असते तर बहुधा दोन मिळाल्या असत्या. बायको आणि दोन्ही मुले एका पीएनआरवर, मी एकटा स्वस्तात. दीड हजार वाचले. ते तिघे पुढे बाराव्या रांगेत, मला ३१ ई, मधली खुर्ची, संडासाच्या अलीकडची.

भाऊबीजेनंतरच्या परतीचे भाव अजून उघडून बघितलेले नाहीत. धैर्य गोळा करतोय.

कांदेपोहे_चहा | सकाळी ६.५५

घरूनच डबा न्या.